पोर्तुगालमध्ये अडीच महिने, कुठल्याही टूरशिवाय: निघण्याआधी काय काय करायचं

मी वसईची. किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या जमिनीवरचे पोर्तुगीज भाषेतले थडग्यांचे दगड लहानपणापासून बघत आले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली हे शाळेत शिकलो, पण त्या दगडांवर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. त्या ओढीनं मी पोर्तुगालला गेले आणि ७४ दिवस राहिले. एकटी, कुठल्याही कंपनीच्या पॅकेजशिवाय.

निघण्याआधीचे चार महिने मी माहिती गोळा करण्यात घालवले. बरीचशी माहिती आठ दिवसांच्या सहलीसाठी होती आणि लांबच्या मुक्कामाला तिचा फारसा उपयोग नव्हता. आठ दिवसांत चुकलेली गोष्ट सोडून देता येते, अडीच महिन्यांत ती रोज भोवते. तुमचा तो त्रास वाचावा म्हणून मी ज्या क्रमानं तयारी करायला हवी होती, त्या क्रमानं लिहिते.

१. सगळ्यात आधी दिवस मोजा

पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात येतो, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. पर्यटक व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. हे ९० दिवस फक्त पोर्तुगालचे नसतात. स्पेन, फ्रान्स, जर्मनी असे शेंगेनमधले सगळे देश मिळून ९०. पोहोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस हे दोन्ही पूर्ण धरले जातात. इथे भले भले चुकतात.

पूर्ण ९० दिवसांचा बेत आखू नका. विमान रद्द झालं, तब्येत बिघडली, तर हाताशी आठ-दहा दिवस हवेत. तिथे जाऊन मुदत वाढवून घेऊ, या भरवशावर तर अजिबात निघू नका. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर शिक्षण, नोकरी वगैरे कारणांसाठीचा वेगळा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याची कागदपत्रं निराळी, वेळही निराळा.

व्हिसा हातात आला की दारातच स्टिकर वाचा. त्यावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं असतं आणि राहण्याच्या दिवसांचा आकडा वेगळ्या रकान्यात असतो. तारखांमध्ये १०० दिवसांचं अंतर असलं आणि आकडा ७५ असला, तर तुम्हाला ७५ दिवसच मिळालेत. मागितले त्यापेक्षा कमी दिवसही मिळू शकतात, म्हणून व्हिसा येईपर्यंत परतावा न मिळणारं काहीही बुक करू नका.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करायला सुरुवात झाली आहे. दिवस आता संगणक मोजतो.

२. ऋतू आणि मुक्काम ठरवा

मे, जूनचा पहिला पंधरवडा, सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये आलेंतेजूच्या सपाट मुलखात ऊन आपल्या विदर्भासारखं भाजतं. ऑगस्टमध्ये तिथली माणसंच सुट्टीवर जातात, त्यामुळे छोट्या घरगुती खानावळींच्या दारावर 'बंद' अशी चिठ्ठी दिसते. नोव्हेंबरनंतर पाऊस. आणि घरं थंड! बऱ्याच जुन्या घरांत गरम करायची सोय नसते, भिंती ओल धरतात. हिवाळ्यात जाणार असाल तर खोली बुक करताना हे विचारून घ्या.

दोन तारखा लक्षात ठेवा. १२ जूनच्या रात्री लिस्बनमध्ये सांतु आंतोनियुचा उत्सव असतो आणि २३ जूनच्या रात्री पोर्तूत सां जुआंवचा. गल्लोगल्ली सार्डिन भाजत असतात, लोक पहाटेपर्यंत रस्त्यावर असतात. बघण्यासारखं आहेच, पण खोलीचे भाव तेव्हा चढतात, म्हणून जागा फार आधी धरा.

मुक्कामाबद्दल माझं ठाम मत सांगते: अडीच महिन्यांत चारच गावं धरा. मी लिस्बन, एव्होरा, कोइंब्रा आणि पोर्तू धरली. एकेका गावी अडीच-तीन आठवडे. सिंत्रा, तोमार, गिमारांइश, दोरू नदीचं खोरं हे सगळं तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊन होतं. दर तीन दिवसांनी बॅग भरणाऱ्याला देश दिसतो, पण ओळखीचा होत नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं तुम्हाला न विचारता तुमची कॉफी करायला घेतली की समजावं, मुक्काम लागला.

३. कागदपत्रं

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावा लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मी म्हणेन, तीन महिने आधी अर्ज द्या. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणंच अवघड जातं. मोठ्यांसाठी व्हिसा फी ९० युरो आहे, वर अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे.

ही यादी कागदावर उतरवून घ्या:

- पासपोर्ट: दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्टही सोबत.
- सही केलेला अर्ज आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे नवे फोटो
- कव्हर लेटर आणि दिवसवार कार्यक्रम
- जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाचे सगळे दिवस चालणारा
- बँकेचं स्टेटमेंट, बँकेच्या सही-शिक्क्यासह
- आयकर विवरणपत्रं
- नोकरी असल्यास रजा मंजूर झाल्याचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा. धंदा असल्यास नोंदणीचे कागद. निवृत्त असल्यास पेन्शनचे कागद

दोन सापळे इथे आहेत. पहिला, लांबचा मुक्काम म्हटला की अधिकाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: हा माणूस परत येणार का? अडीच महिन्यांची रजा कशी मिळाली, मागे घर कोण बघतंय, परत येऊन काय करणार, हे कव्हर लेटरमध्ये साध्या शब्दांत लिहा. मी बिनपगारी रजेचं पत्र जोडलं आणि वसईच्या घराची कागदपत्रंही जोडली. दुसरा, अर्ज नेहमी त्या देशाकडे करायचा जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार आहात. पोर्तुगालकडे अर्ज करून त्याहून जास्त दिवस स्पेनमध्ये राहायचा बेत कार्यक्रमात दिसला, तर अर्ज अडकतो.

खात्यात किती पैसे दाखवायचे? पोर्तुगालचा नियम देशात शिरताना ७५ युरो आणि शिवाय रोजचे ४० युरो असा आहे. माझ्या ७४ दिवसांचे ३,०३५ युरो झाले. हा किमान आकडा आहे. खात्यात त्याहून बरेच जास्त असू द्या, आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम आणून टाकू नका. ती लगेच नजरेत येते.

तिथे कुणाच्या घरी राहणार असाल तर यजमानाकडून 'तेर्मु द रश्पोन्साबिलिदाद' म्हणजे जबाबदारीचं पत्र मागवा. नुसतं 'या, आमच्याकडे राहा' असं पत्र पुरत नाही.

४. भाषा: तयारीचा निम्मा वेळ हिला द्या

लिस्बन-पोर्तूत इंग्रजीवर भागतं. एव्होराच्या मंडईत, बसच्या खिडकीवर, घरमालकीणबाईंशी बोलताना भागत नाही. अडीच महिने जायचं तर निदान तीन महिने रोज अर्धा तास द्या.

पहिली चूक बहुतेक सगळे करतात. मोबाइलवरची बरीचशी ॲप ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात. तिथे रेल्वेला 'त्रेंइ' म्हणतात, पोर्तुगालमध्ये 'कोंबोयु'. बसला ब्राझीलमध्ये 'ओनिबुस', पोर्तुगालमध्ये 'औतुकार्रु'. शब्दांपेक्षाही उच्चाराचा फरक मोठा. पोर्तुगालची माणसं मधले स्वर गिळतात आणि शब्दाच्या शेवटच्या 'स'चा 'श' करतात. पुस्तकातून शिकलेलं वाक्य तिथे कानावर पडतं तेव्हा ओळखूच येत नाही. म्हणून वाचण्याआधी ऐका. त्यांच्या सरकारी वाहिनीचं आरटीपी प्ले इंटरनेटवर आहे, त्यावर रोज बातम्या लावा. पहिला महिना काही कळणार नाही, तरी लावा. गोव्याजवळ राहणाऱ्यांना पणजीत कामोंइश इन्स्टिट्यूट या पोर्तुगीज भाषा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचं केंद्र आहे, तिथे वर्गांची चौकशी करावी.

आपल्याला मात्र एक गोष्ट आयती मिळालेली आहे. बटाटा, काजू, अननस, कोबी, पाव, चावी, बादली, फीत, पिंप, लिलाव, पगार, नाताळ, पाद्री ही सगळी मंडळी पोर्तुगीजमधूनच आपल्याकडे आलीत. 'पागार' म्हणजे पैसे देणं. किल्लीला ते 'शाव' म्हणतात, बादलीला 'बाल्द', कोबीला 'कोव'. एव्होराच्या मंडईत मी कोबी आणि बटाटे मागितले तेव्हा जवळजवळ आजीच्याच शब्दांत मागत होते. त्या दिवशी भाषेची भीती गेली.

अनुनासिकंही आपल्याला जमतात, फक्त विसरायची नाहीत. पावाला ते 'पाउँ' म्हणतात, नाकातून. नुसतं 'पाउ' म्हटलंत तर लाकूड मागितल्यासारखं होतं.

पाठ करायची वाक्यं थोडी आहेत. दुकानात शिरताना 'बों दीअ', दुपारच्या जेवणानंतर 'बोअ तार्द'. नमस्कार न करता एकदम मागणी केली तर तिथे उद्धटपणा वाटतो. आभार मानताना बाईनं 'ओब्रिगाद' म्हणायचं आणि पुरुषानं 'ओब्रिगादु'. 'माइश दवगार' म्हणजे जरा हळू बोला. हे मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे आणि कुणी कधी वैतागलं नाही.

५. राहायची जागा

व्हिसासाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या रात्री दाखवाव्या लागतात. त्यासाठी फुकट रद्द करता येणारी बुकिंग घ्या. व्हिसा आल्यावर महिन्याच्या भाड्याच्या जागा शोधा, त्या बऱ्याच स्वस्त पडतात. कुणी घर बघण्याआधी पैसे पाठवायला सांगितलं तर तिथेच थांबा. तसा एक निरोप मलाही आला होता, फोटो सुंदर आणि भाडं फारच कमी. मी सोडून दिलं.

लिस्बनमध्ये दर रात्री ४ युरो आणि पोर्तूत ३ युरो पर्यटक कर असतो, सलग मुक्कामात सात रात्रींपर्यंतच. तो भाड्यात धरलाय की वेगळा, ते विचारा.

आता पत्ता. हे कुणीच सांगत नाही. मी लिस्बनला रात्री साडेदहाला पोहोचले. कागदावर रस्त्याचं नाव, इमारतीचा नंबर आणि पुढे '३, एश्क' एवढंच. दारावर बारा बटणं, एकावरही नाव नाही. मी तिसरं बटण दाबलं, झोपेतून उठलेल्या एका गृहस्थांनी खिडकीतून वाकून बघितलं. त्यांनीच हातानं खूण करून दाखवलं: 'एश्केर्दु' म्हणजे डावीकडचं. '३, एश्क' म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं घर. उजवीकडचं असेल तर 'दिरैतु'. तळमजल्याला 'रॅश-दु-शांव' म्हणतात आणि बटणावर 'आर/सी' असं लिहिलेलं असतं. बटणांची मांडणीही तशीच असते, डावीकडची रांग डाव्या घरांची.

तिसरा मजला म्हणजे आपला तिसरा, आणि जुन्या वस्तीत लिफ्ट नसते. गुडघे दुखत असतील तर मजला आणि लिफ्ट दोन्ही आधी विचारा. रस्तेही चढाचे. फुटपाथवर चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांची नक्षी असते, वर्षानुवर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालेली. पावसात ती शेवाळल्यासारखी निसरडी होते. चांगल्या पकडीच्या तळव्याचे बूट इथूनच घालून, रुळवून न्या.

६. पैसे

दोन वेगळ्या बँकांची कार्डं आणि एक फॉरेक्स कार्ड (परकीय चलन भरून नेता येणारं) न्या, पण तिन्ही एकाच पाकिटात ठेवू नका. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर चालू करा.

सर्वांत महत्त्वाचं: इथल्या सिमचं रोमिंग चालू ठेवा. मी स्वस्तात पडेल म्हणून तिथलं सिम घेतलं आणि आपलं बंद ठेवलं. कोइंब्रात खोलीचे पैसे भरायची वेळ आली तेव्हा बँकेचा ओटीपी त्या बंद सिमवर जात होता. दोन दिवस गेले त्यात. कमीत कमी एसएमएस येतील एवढा तरी रोमिंग पॅक घ्या. मग इंटरनेटसाठी तिथलं सिम घ्या.

पैसे काढायला 'मुल्तिबांकु' लिहिलेली बँकेची मशिनं वापरा. कार्ड घातल्यावर काही मशिनं 'रुपयांत आकारू की युरोत?' असं विचारतात. रुपयांचा आकडा ओळखीचा म्हणून बरा वाटतो, पण त्यात दर वाईट असतो. नेहमी युरो निवडा. छोट्या खानावळीत परदेशी कार्ड चालत नाही असं होतं, म्हणून ३०-४० युरो रोख जवळ हवेत.

७. शाकाहारी असाल तर

उपाशी राहत नाही, पण प्रश्न नीट विचारावा लागतो. 'कार्न' म्हणजे मांस नको म्हटलं की अनेकांच्या मते मासे चालतात, आणि हॅम किंवा सॉसेज म्हणजे 'कार्न' नव्हेच. पूर्ण वाक्य असं: 'नाउँ कोमु कार्न, नें पैश, नें शोरीसु.' मांस, मासे, सॉसेज काहीच खात नाही.

एव्होराच्या एका खानावळीत मी 'काल्दु वेर्द' मागवलं. बटाट्याच्या दाट पाण्यात केसांसारखी बारीक चिरलेली हिरवी पानं, रंग आपल्या पालेभाजीच्या पातळ भाजीसारखा. आणि मधोमध रुपयाएवढी सॉसेजची एक चकती तरंगत होती. मी बाईंकडे बघितलं, त्यांनी चमच्यानं ती चकती उचलून घेतली आणि प्रेमानं वाडगा पुन्हा माझ्यासमोर ठेवला. त्यांच्या दृष्टीनं सूप आता शाकाहारी होतं. त्यानंतर मी ते वाक्य मागवण्याआधी म्हणू लागले. 'सोप द लेगूमश' म्हणजे भाज्यांचं सूप त्या मानानं बरं, पण तेही कशात शिजवलंय ते विचारावं.

बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा, कुणाला राग येत नाही. एकट्यासाठी 'मैअ दोज' म्हणजे अर्धी थाळी मागा, तीही पोटभर होते.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर निम्मा प्रश्न सुटतो. लिस्बनच्या मार्तीं मुनीश भागात डाळी, पीठ, मसाले, सगळं मिळतं, त्यामुळे बॅगेत पाच किलो पीठ नेऊ नका. शहरातल्या राधाकृष्ण मंदिरात शाकाहारी जेवण मिळतं. मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांचा त्या समाजात मोठा वाटा आहे.

८. देशात फिरणं

रेल्वेची तिकिटं साधारण ६० दिवस आधीपासून मिळतात आणि लवकर घेतली तर बरीच स्वस्त. लिस्बन ते पोर्तू जलद गाडीनं सुमारे तीन तास. पासष्टीपुढच्या प्रवाशांना निम्म्या दरात तिकीट मिळतं, पासपोर्ट दाखवावा लागतो. कोइंब्राला उतरताना लक्षात ठेवा, लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात ते कोइंब्रा-बी जुन्या गावापासून जरा दूर आहे.

'ग्रेव' हा शब्द आधीच शिकून ठेवा: संप. रेल्वेचे संप तिथे वरचेवर होतात, आधी जाहीर करून होतात. परतीच्या विमानाच्या दिवशी दुसऱ्या गावाहून रेल्वेनं यायचा बेत करू नका, आदल्या रात्री लिस्बनला येऊन राहा.

लिस्बनमध्ये मेट्रो-बसचा महिन्याचा 'नावेगांत' पास शहरापुरता ३० युरो आणि आसपासच्या परिसरासह ४० युरो. पण तो एक तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचा असतो. २० तारखेला घेतलात तर दहा-बाराच दिवस मिळतात. महिन्याच्या मध्ये पोहोचलात तर साध्या कार्डात पैसे भरून वापरा. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं.

९. औषधं आणि बाकीचं सामान

नेहमीची औषधं पूर्ण मुक्कामाची न्या, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव हवं, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या औषधविक्रेत्याला कळत नाहीत. चष्म्याचा नंबरही लिहून घ्या. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधांचं दुकान. आत शिरल्यावर आधी मशिनमधून नंबराची चिठ्ठी घ्यायची, नाहीतर तुम्ही रांगेत आहात हे कुणाच्या लक्षात येत नाही. बेकरीतही बऱ्याच ठिकाणी हेच. आणीबाणीत फोन ११२. आजारपणाच्या सल्ल्यासाठी सरकारी आरोग्यसेवेचा ८०८ २४ २४ २४ हा नंबर फोनमध्ये भरून ठेवा.

आपला दोन पिनांचा प्लग तिथे चालतो, तीन पिनांचा नाही. लॅपटॉपसाठी अडॅप्टर लागेल.

इतिहासाची गोडी असेल तर लिस्बनच्या 'तोर दु तोंबु' या राष्ट्रीय अभिलेखागारासाठी चार दिवस राखून ठेवा. वाचक म्हणून नोंदणीला पासपोर्ट जवळ असू द्या. बरेच कागद त्यांच्या डिजिटार्क या संकेतस्थळावर चढलेले आहेत, तेव्हा काय बघायचं त्याचे क्रमांक इथूनच टिपून न्या. मी ते न करता गेले आणि पहिला दिवस सूची चाळण्यात संपला. दुसऱ्या दिवशी 'बासाईं' असं लिहिलेला एक कागद समोर आला. बासाईं म्हणजे आमची वसई.